भावी नगरसेवकाचं शीड

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

लातूरहून नांदेडला परत आले. बरोबर सिंधु, आणि टेम्पोत सिंधुची फळी.

परवा रविकिरणचा, म्हणजे सिंधुच्या मुलाचा, हैदराबादहून फोन आला. लातूरचं घर भाड्याने द्यायचं आहे, संक्रांतीच्या आधी तो आईला कायमची हैदराबादला नेणार आहे, आणि "मावशी, गच्चीवरची ती फळी भंगारात देऊ का?" टेलिफोन खात्यात सुपरवायझर म्हणून माझी नोकरी झाली. माणूस कोणतं वाक्य हळू आवाजात बोलतो ते मला लगेच कळतं. फळीचं वाक्य तो हळू बोलला. मी म्हटलं, भंगारात काय द्यायचं ते मी येऊन ठरवते, तोवर आईला आणि फळीला हात लावू नकोस.

फळी म्हणजे शिडाची फळी. तिच्यावर उभं राहायचं, शिडाचा दांडा दोन्ही हातांनी धरायचा आणि वाऱ्याने पाण्यावरून जायचं. माझ्या धाकट्या बहिणीची बँकेतली पहिली वर्षं गोव्यात गेली, तिथे ती हे शिकली. बदली झाल्यावर ट्रकवर घालून फळी लातूरला घेऊन आली. ज्या लातूरला पुढे पिण्याचं पाणी रेल्वेने आणावं लागलं, त्या लातूरला. वर्षभर फळीवर कुरडया वाळायच्या आणि रजेत सिंधु ती घेऊन कुठल्या ना कुठल्या तलावावर जायची. शेजारच्या बायका विचारायच्या, "मॅनेजरीणबाई कुठं गेल्या?" मी आल्याचं कळलं की मला विचारायच्या. मी सांगायचे, कुरडयांना पाणी दाखवायला.

गेल्या वर्षी सिंधुला झटका आला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं. डाव्या हाताची बोटं तेवढी राहिली. त्या बोटांत चहाचा कप राहत नाही. तेव्हापासून ती घराबाहेर पडलेली नाही. डॉक्टर म्हणाले, पोहायलासुद्धा हरकत नाही. सिंधु म्हणाली, बघू.

माझं ठरलं आहे. रविकिरण न्यायला येण्यापूर्वी सिंधु त्या फळीवर उभी राहील. हाताला दांडा धरता येत नसेल तर दांड्याने हाताला धरावं. इतकी साधी गोष्ट तिथल्या कोणाला सुचली नाही याचं मला आश्चर्य वाटलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

शीड उलगडलं. उन्हाने कापड इतकं विरलं आहे की बोट लावलं तिथे भोक पडलं. डोलकाठी आणि फळी यांना जोडणारा रबरी सांधा चिरलेला. दांड्यावरचं आवरण उंदरांनी खाल्लेलं.

सिंधु पाहत होती. म्हणाली, "चला, सुटले."

बिचारी निराशेने म्हणाली असावी.

सांध्याचा प्रश्न दुपारीच सोडवला. बोअरच्या मोटारीला लावतात त्या जाड रबरी पाइपचा वीतभर तुकडा घेतला, एक टोक काठीच्या बुडाला, दुसरं फळीच्या खुंटीला, दोन्हीकडे स्टीलचे क्लॅम्प. आतून नायलॉनची दोरी, म्हणजे रबर तुटलं तरी काठी सोडून जाणार नाही. दुकानदाराने विचारलं, "किती एचपीची मोटार आहे ताई?" मी म्हटलं, एकसष्ट वर्षांची आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

शिडाला कापड मिळालं.

आमच्या कोपऱ्यावर विजेच्या खांबाला गेले दोन महिने एक फ्लेक्स लटकत होता. "भावी नगरसेवक मा. हणमंतराव यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा." डोळ्यांना काळा चष्मा, एक बोट वर. वळणावर समोरून येणारी रिक्षा दिसायची नाही. मी महापालिकेत तीन वेळा तक्रार दिली. प्रत्येक वेळी तिथल्या मुलाने मला पोच दिली आणि हणमंतरावांनी माझ्याकडे बोट दाखवणं चालू ठेवलं. आज सकाळी मी स्टूल नेलं आणि स्वतः उतरवला. कोणी काही बोललं नाही. पांढरे केस असले आणि हातात कात्री असली की लोक समजतात, हिला अधिकार असेल.

फ्लेक्सला पाणी लागत नाही, वारा आरपार जात नाही. आपल्याकडे त्याने अर्ध्या जिल्ह्याच्या कडब्याच्या गंजी झाकल्या जातात. शिडाला तो चालणार नाही असं सिंधु म्हणते. तिला जड वाटतो. जड असेल तर उचलायला काहीतरी करू.

कामवाली सरजाबाई आत आली ती अंगणात अंथरलेल्या हणमंतरावांना वळसा घालून. "बाई, हे काय करून राहिल्या?"

"शीड."

"साहेबाच्या तोंडावर पाय न्हाई ना पडला माझा?"

"पडला तरी चालेल. कापड मजबूत आहे."

२ डिसेंबर, मंगळवार

जुनं शीड फ्लेक्सवर ठेवून कापून घेतलं आणि दाभणाने मेणाच्या दोऱ्याने शिवलं. कॉन्व्हेंटमध्ये शिवणाच्या तासाला सिस्टर माझे टाके वर्गात फिरवून दाखवत. सिंधुचे टाके उसवून दाखवत.

शिवून झाल्यावर मोठ्या अभिमानाने भिंतीला टेकवलं. सिंधुने पाहिलं आणि म्हणाली, "अक्का, हा पडदा झाला. शिडाला पोट पाहिजे. सपाट शिडात वारा बसत नाही, घसरून जातो."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तू कंटाळून सोडशील."

पोट कसं आणायचं? मी रात्रभर विचार करणार होते, पण त्याआधीच सुचलं. ब्लाउजला घालतात तसे टक्स. काठीच्या बाजूला एकाखाली एक असे टक्स घातले आणि कापडाला छान फुगवटा आला. सिंधुने हात फिरवून पाहिलं. उजवा हात. बराच वेळ फिरवला. म्हणाली, "गोव्याच्या माणसालासुद्धा सुचलं नसतं."

दोन टक्स हणमंतरावांच्या गालावर आले. एका बाजूने ते तोंडात पान असल्यासारखे दिसतात. मला त्यात सुधारणाच वाटली.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज मुख्य काम. हाताचा पट्टा.

दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, तशी पकड घट्ट झाली. डाव्या हातासाठी रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा कापून बसवला. तो मनगटाभोवती गुंडाळायचा, चिकटतो, हवा तेव्हा ओढून सुटतो. माझं यंत्र तसंही बिघडलेलंच होतं. गेले कित्येक आठवडे रोज सकाळी अवास्तव मोठे आकडे दाखवत होतं.

"पडले तर हात सुटणार का?" सिंधुने विचारलं. अगदी बँकेच्या आवाजात. "पाण्याखाली शीड अंगावर आणि मनगट बांधलेलं, कळतंय ना?"

प्रश्न योग्य होता. म्हणून चाचणी घेतली. फळी गच्चीवर टायरांवर ठेवली, बाजूला गाद्या टाकल्या, मी मनगट बांधलं आणि पडले. पहिल्या वेळी हात सुटला नाही. पट्ट्याचं टोक उलट दिशेला केलं. पुन्हा पडले. सुटला. खात्री करायला आणखी पडले. समोरच्या गच्चीवर निकम सहकुटुंब पापड वाळवायचं थांबवून बघत होते.

सरजाबाई जिन्यात उभी. "सिंधुताई, सांगा की तुमच्या बहिनीला. ह्या वयात असं पडायचं असतंय व्हय?"

सिंधु म्हणाली, "पडू दे. खूश आहे ती."

मी खूश नव्हते. मी काम करत होते.

९ डिसेंबर, मंगळवार

फळी पाण्यात.

मुदखेडच्या रस्त्याला एक तळं आहे. मच्छीमार सोसायटीकडे त्याचा ठेका आहे. तिथल्या केरबाला विचारून ठेवलं होतं. होडीतून बरोबर राहायचं, कोणी बुडायला लागलं तर काढायचं, बाकी बोलायचं नाही, असं ठरलं. तो होडीत आडवा पडून मोबाइल बघतो. मला ही व्यवस्था पसंत आहे.

सिंधु पाण्यापर्यंत आलीच नाही. बांधावर चटई टाकून थर्मास घेऊन बसली. "आधी तू चाचणी घे अक्का. तू बनवलंयस."

मला पोहता येतं. लाइफजॅकेट घातलं होतं. केवळ चाचणी म्हणून मी फळीवर चढले. पडले. चढले. शीड पाण्यातून वर ओढायची दोरी असते, ती ओढताना लक्षात आलं की ओलं शीड फार जड होतं. सिंधुचं म्हणणं बरोबर निघालं हे मी तिला सांगितलं नाही. दुपारपर्यंत मी उभी राहून शीड अर्धं वर आणलं, हणमंतरावांचं बोट पाण्याबाहेर आलं, आणि मी पुन्हा पडले.

केरबाने मोबाइलमधून डोळे काढले. "आक्का, तळ्यात मासे हाईत. भिऊन राहिले ते."

परत येताना सिंधु गाणं गुणगुणत होती. हवापालटाचा उपयोग होतो असं डॉक्टर म्हणालेच होते.

१३ डिसेंबर, शनिवार

ओढायच्या दोरीला कप्पी बसवली. विहिरीची नाही, पाळण्याची, लहान. आता एका हाताने शीड वर येतं. दोरीत ठरावीक अंतरावर गाठी मारल्या, म्हणजे घसरत नाही. कमरेला एक पट्टा आणि त्याला आकडा केला, तो दांड्याच्या दोरीत अडकवला की ओढ कमरेवर येते, हातावर नाही.

सिंधु म्हणाली दांडा खाली घे. घेतला. म्हणाली आणखी खाली. मी म्हटलं, तू माझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच आहेस, तुला हा पोटाला लागेल. म्हणाली, "घे तर खरी." आता दांडा बरोबर माझ्या खांद्याला येतो. झटक्यानंतर माणसाचा उंचीचा अंदाज जातो की काय, कोणाला तरी विचारायला हवं.

१७ डिसेंबर, बुधवार

गेले.

म्हणजे फळी गेली, आणि मी तिच्यावर होते. शीड वर आलं, फडफडलं. सिंधु बांधावरून ओरडली, "मागचा हात ओढ! बघत काय राहिलीस, ओढ!" मी ओढला आणि फडफड एकदम थांबली. शीड भरलं की आवाज जातो हे मला माहीत नव्हतं. सगळं गप्प. खाली पाणी तेवढं सरकत होतं. मी पलीकडच्या बाभळीपर्यंत गेले. वळता आलं नाही म्हणून बाभळीत गेले.

पुन्हा एकदा गेले, पहिलं योगायोगाने झालं नव्हतं हे पाहायला. तिसरी फेरी दुसरीची खात्री म्हणून.

सगळं नीट चालतं. शुक्रवारी वेळ अमावस्या आहे, आपली येळवस. बरोबर जेवण नेऊ, आणि शुक्रवारी सिंधु फळीवर चढेल. घरी येताना तिला तसं सांगितलं. ती बराच वेळ मोबाइलमध्ये काहीतरी करत होती. "हूं," म्हणाली.

१८ डिसेंबर, गुरुवार

या देशात तक्रारीची दखल घेतली जात नाही असं मी आजवर समजत होते.

सकाळी अंगणात दोरीवर शीड वाळत होतं. फाटकापाशी गाडी थांबली. आत एक तरुण मुलगी, एक पोलीस आणि एक कॅमेरावाला. मुलीचं नाव धम्मप्रिया, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, सध्या निवडणुकीच्या पथकात. आचारसंहिता लागली आहे. ॲपवर कोणीतरी तक्रार केली आहे की भावी नगरसेवकाचा प्रचार तळ्यात सुरू आहे.

"मॅडम, हा फलक तुमचाच का?"

"फलक नाही. शीड आहे."

"म्हणजे हा फिरता फलक आहे."

"वारा असेल तर."

तिने शांतपणे लिहून घेतलं. "वाहनाचा प्रकार?"

"फळी."

"इंधन?"

"आत्ताच सांगितलं."

"उमेदवाराशी तुमचं नातं?"

"त्यांच्या गालाला मी टक्स घातले, एवढंच."

पोलीस हसला आणि मग हसला नाही. मुलगी चांगली होती. तिला शाळेतल्या मुलांची चाचणी परीक्षा सोडून आमच्या शिडामागे यावं लागलं होतं. तिने गाडीतून जुनी वर्तमानपत्रं आणि खाकी चिकटपट्टी आणली, कोनशिला झाकतात तसे हणमंतराव झाकले, आणि म्हणाली, निकाल लागेपर्यंत हे असंच ठेवायचं. मी म्हटलं, हे पाण्यात भिजून गळेल. ती म्हणाली, मग पाण्यात नेऊ नका.

तक्रारीचा फोटो दाखवा म्हटल्यावर तिने दाखवला. बांधावरून काढलेला. मी फळीवर, मागे बाभळ. कोपऱ्यात हिरव्या थर्मासचं झाकण दिसत होतं, आपल्याकडे आहे तसंच. म्हणजे तक्रार करणारा चांगल्या घरातला, घरचा चहा बरोबर नेणारा माणूस आहे. तरी ही वृत्ती. सिंधुला फोटो दाखवला तर ती एकदम आत गेली, दुधावर लक्ष ठेवायला. दूध सकाळीच तापवून ठेवलं होतं.

पथक गेल्यावर मी कात्री घेतली. चेहरा कापून काढला आणि त्या जागी माझ्या दोन छत्र्यांचं काळं कापड शिवलं. उलट शीड हलकं झालं. धम्मप्रियाला फोन करून विचारलं, बोट शिल्लक आहे, चालेल का? ती म्हणाली, "नुसतं बोट कोणाचंही असू शकतं मॅडम."

सिंधुला सांगितलं, झालं काम, उद्या जायचं. तिने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. उजवा.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस

पहाटे उठून सगळं केलं. सगळ्या भाज्यांची मिळून भज्जी, बाजरीचे उंडे, माठात आंबील. उदगीरला आमच्या लहानपणी या दिवशी गाव रिकामं व्हायचं, सगळे शेतात. आता आमच्याकडे शेत नाही, पण केरबाच्या चुलत्याचं तळ्याला लागून आहे. त्यांनी कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, केली होती, पूजा केली, आम्हाला बसवून वाढलं. सिंधुने दोनदा भज्जी घेतली. चमचा उजव्या हातात, डावा हात पदराखाली.

जेवण झाल्यावर फळी पाण्याला लावली.

"चल."

"जेवण जड झालंय अक्का."

"भज्जीने कोणी बुडत नाही."

"वारं पडलंय."

"कोपीचा कडबा हलतोय."

"तू जा ना. मी बघते."

"मी कशाला जाऊ? हे सगळं मी माझ्यासाठी केलंय का?"

"मग कोणासाठी?" ती म्हणाली. "मी सांगितलं होतं? एकदा तरी म्हटलं का, अक्का, मला फळीवर उभं कर?"

"म्हणावं कशाला लागतं? मला दिसतं."

"तेच ना! तुला दिसतं!" तिचा आवाज चढला. कोपीतली माणसं वळून बघायला लागली. "हात म्हणजे काय बोअरची मोटार आहे, क्लॅम्प मारला की झालं?"

"पडायला घाबरतेस तू. तसं सांग."

"पडायला? आयुष्यभर पडलेय मी, तुझ्यापेक्षा चांगली पडते. मला तू बघतेस त्याची भीती वाटते. कप उचलला की बघतेस. बटण लावायला लागले की बघतेस. रवि बघतो. त्याची बायको बघते आणि मग बघितलंच नाही असं दाखवते. आता पाण्यावर पण बघणार, आणि हा केरबा मोबाइलवर काढणार."

"म्या न्हाई काढत," केरबा होडीतून म्हणाला. "माझा डाटा संपलाय."

"मग मी काय डोळे काढून डबीत ठेवू?"

"ठेव!"

परत आलो. आंबील उरली.

२० डिसेंबर, शनिवार

बोललो नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

आज बोललो. मीठ कुठे आहे, एवढंच.

माझ्या डोक्यातून जात नाही. मी बघते म्हणजे काय? लक्ष ठेवणं याला आमच्या घरात गुन्हा कधीपासून म्हणायला लागले? आई वारली तेव्हा सिंधु परकरात होती. तिची वेणी, तिचे बूट, तिचा अभ्यास, सगळं मी बघितलं. मी लग्न केलं नाही ते काही नुसतं कोणी मनासारखं भेटलं नाही म्हणून नाही. बघितलं म्हणून तर ती गोव्यापर्यंत पोहोचली.

२८ डिसेंबर, रविवार

एकटी तळ्यावर गेले. कमरेच्या आकड्यात एक सुधारणा केली होती, ती पाहायची होती. दुसरं काही नाही.

तिथे एका कॉलेजचं श्रमसंस्कार शिबिर आलेलं. सगळी मुलं-मुली बांधावर ताटल्या घेऊन खिचडी खात बसलेली. श्रम आणि संस्कार दोन्ही उरकलेले असावेत, कारण त्यांना माझ्याशिवाय दुसरं काही बघायला नव्हतं.

मी फळीवर चढायला गेले आणि घसरले. टाळ्या. पुन्हा गेले. पाय नीट पडेना. अकरा दिवसांपूर्वी याच पायांनी मी बाभळीपर्यंत गेले होते. आज मला माझे गुडघे, माझे ओले पातळ केस, पाठीमागून कशी दिसत असेन ते सगळं आठवत राहिलं. एक मुलगी ओरडली, "आजी, यू कॅन डू इट!" व्याकरण बरोबर होतं. मी फळी ओढत काठाला आले आणि केरबाला म्हटलं, आज वारा नाही. वारा भरपूर होता.

घरी पोहोचायच्या आत व्हिडिओ सगळीकडे पोहोचला होता. रविकिरणचा फोन. "मावशी, हे तुम्ही?" मी म्हटलं, राँग नंबर.

सिंधुने व्हिडिओ बघितला. हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. शेजारी येऊन बसली.

"फार जण होते का गं बघायला?"

"शंभरएक असतील. मला काय त्याचं?"

"हूं," ती म्हणाली. मग तिने माझ्यासाठी चहा केला. कप आणताना डाव्या हाताचा नुसता आधार दिला होता. मला तो दिसला नाही, कारण मी वर्तमानपत्र वाचत होते. शब्दकोडं होतं.

५ जानेवारी, सोमवार

रविकिरण अकरा तारखेला येणार, बाराला आईला घेऊन निघणार.

संध्याकाळी भाजी निवडताना सिंधु म्हणाली, "शनिवारी तळ्यावर जाऊ."

मी मान वर केली नाही. "कशाला?"

"मेथी निवड नीट, काड्या जातायत."

१० जानेवारी, शनिवार

हे नीट लिहायला हवं, आणि लिहिण्यासारखं माझ्याकडे फार थोडं आहे.

तळ्यावर दुसरं कोणी नव्हतं. सिंधुने लाइफजॅकेट घातलं, पुढची पट्टी दाताने ओढून घट्ट केली. मग फळीपाशी बसली आणि माझी एकेक दुरुस्ती काढायला लागली. रक्तदाबाचा पट्टा काढला. कप्पी काढली. कमरेचा आकडा दोरीसकट काढला. दांडा पुन्हा वर नेला, तिच्या खांद्याला. एकेक वस्तू माझ्या हातात देत गेली.

"एवढ्या कष्टाने केलं होतं," मी म्हटलं.

"चांगलं केलंस. हे धर आणि तिकडे तोंड करून बस."

"कुठे?"

"शेताकडे. मी हाक मारेपर्यंत वळायचं नाही. केरबा, तू होडी जवळ ठेव. अक्काने काही विचारलं तर सांगायचं नाही."

केरबाने बघितलेलं चालतं, मी बघितलेलं चालत नाही. तो तिचा कोणी लागत नाही म्हणून असेल.

मी बांधावर तळ्याकडे पाठ करून बसले. समोर हरभऱ्याचं शेत. एक बाई दारं धरत होती, पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत होती. मांडीवर कप्पी, पट्टा, आकडा.

मागे पाणी वाजलं. मोठं. मग सिंधुने एक इंग्रजी शब्द उच्चारला, ज्यासाठी सिस्टरने तिचं तोंड साबणाने धुतलं असतं. मग फळीवर हात आपटल्याचा आवाज. धाप. पुन्हा पाणी. पुन्हा तोच शब्द. असं किती वेळ चाललं ते सांगता येत नाही, ऊन माझ्या उजव्या गालावरून कपाळावर आलं. एकदा फार वेळ काहीच वाजलं नाही.

"केरबा, बुडाली का?"

"बाईनं न्हाई सांगू म्हनलंय."

"जिवंत आहे का तेवढं सांग."

"हाव."

हरभऱ्यातली बाई कंबरेवर हात ठेवून तळ्याकडे बघायला लागली होती. तिच्या तोंडावरून काही कळतंय का ते मी पाहत होते, तर तिला वाफा फुटल्याचं दिसलं आणि ती खाली वाकली.

मग दोरी ओढल्याचा आवाज, पाणी निथळल्याचा, आणि फडफड सुरू झाली. फ्लेक्सची फडफड कोपऱ्यावरच्या खांबापासून माझ्या ओळखीची आहे. जोरात, मग आणखी जोरात.

आणि थांबली.

पडल्याचा आवाज आला नाही. नुसती थांबली.

मी वळले नाही. शाळेत शिकवलेली प्रार्थना म्हटली. ती संपली, तरी मागे काही वाजेना. दुसरं काही पाठ नव्हतं म्हणून जुने एसटीडी कोड म्हणायला लागले. नांदेड, हदगाव, कंधार, देगलूर, मग उदगीर, निलंगा, लातूर. लातूरला वाटलं, आता. नाही. उस्मानाबाद. तुळजापूर. केरबा वल्ही मारत लांब जात असल्याचं ऐकू येत होतं, घाईघाईने. बार्शी. मी पार सोलापूर ओलांडून पंढरपूरला पोहोचले तेव्हा कुठे दूर, तळ्याच्या दुसऱ्या टोकाला, पाणी वाजलं. आणि त्यावर सिंधुचं हसणं. दीड वर्ष ऐकलं नव्हतं, पण आवाज ओळखणं हे माझं कामच होतं.

तिने हाक मारली तेव्हा वळले. केरबाने तिला होडीत घेतलं होतं, फळी मागे बांधलेली. ती भिजून चिंब, ओठ निळे. मी टॉवेल दिला. कसं झालं, विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. परत येताना दोघींनी मिळून सगळे लाडू खाल्ले, जे रविकिरणसाठी केले होते.

संध्याकाळी तिने बाही वर केली तेव्हा दिसलं. डाव्या कोपराच्या आत, घडीत, रुंद काळानिळा पट्टा. बोटं धरत नाहीत म्हणून तिने दांडा कोपरात अडकवला होता. इतके दिवस मी मनगटाच्या मागे लागले होते.

तेल गरम करून तिच्यापाशी ठेवलं आणि मी दुसऱ्या खोलीत गेले.

१२ जानेवारी, सोमवार

रविकिरणची गाडी फाटकात उभी. तो काल आल्यापासून विचारतोय, फळी भंगारवाल्याला फोन करून द्यायची की मावशी ठेवणार आहेत. सिंधु म्हणाली, "टपावर बांध."

"हैदराबादला? आई, तिथे कुठे…"

"तिथे पाणी रेल्वेने येत नाही. बांध."

तो दोऱ्या आणायला गेला तेवढ्यात मी दांडा अंगणात घेतला. जिथे कोपर येतं तिथे सायकलच्या ट्यूबचे आणखी वेढे मारायला हवे होते, चांगले जाड, म्हणजे पट्टा उमटणार नाही. जागा नक्की कुठली ते विचारायची गरज नव्हती, ट्यूबवर तिथे घासल्याची खूण होती. सिंधु पायरीवर येऊन बसली आणि माझ्या हातांकडे बघायला लागली. वय झालं की बोटं थोडी थरथरतात, त्यात बघण्यासारखं काही नसतं.

मी तिला तिकडे तोंड करून बसायला सांगितलं.